गोव्यात स्वस्तात जुने, व्हिंटेज कपडे कसे शोधायचे: हणजूण, हरमल आणि म्हापसा

म्हापशात राहायला येऊन मला सहा वर्षं झाली आणि दर सीझनला पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींचा एकच प्रश्न असतो, तिकडे व्हिंटेज कपडे स्वस्तात मिळतात ना, नक्की कुठे मिळतात? मग त्या येतात, बुधवारी दुपारी एक वाजता भर उन्हात हणजूणच्या (अंजुनाच्या) बाजारात जातात, हत्तीच्या छापाची पँट सहाशेला घेतात आणि परत जाऊन सांगतात की छे, काही नाही तिथे. मला खरंच वाईट वाटतं, कारण आहे तिथे, भरपूर आहे, फक्त कधी जायचं आणि कोणाकडे बघायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथे दुकान शोधायचं नाही, परत जाणारी माणसं शोधायची. हणजूणचा बाजार सुरूच तसा झाला, १९७० च्या दशकात. हिप्पी लोक महिनोन्‌महिने इथे राहायचे, पैसे संपत आले की आपल्या जीन्स, जॅकेटं, कॅमेरे, जे असेल ते मांडून विकायचे आणि त्यातून पुढच्या प्रवासाचा खर्च काढायचे. एट फिंगर एडी या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन हिप्पी या बाजाराच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक मानला जातो, तो २०१० मध्ये गोव्यातच वारला. नंतर त्या जागेत कर्नाटकातल्या लमाणी बायका आल्या, गुजराती, राजस्थानी, काश्मिरी, तिबेटी विक्रेते आले आणि बाजार मोठा झाला. पण मूळचा व्यवहार, म्हणजे जाताना ओझं कमी करायचं, तो अजून चालू आहे, फक्त तो आता बाजाराच्या कडेला सरकलाय.

पायरी १: 'व्हिंटेज' म्हणजे नक्की काय विकतायत ते ओळखा

साधारण वीस वर्षांहून जुन्या कपड्याला व्हिंटेज म्हणतात. इथे त्या शब्दाखाली चार प्रकारचा माल असतो. एक, खरोखर कोणीतरी वापरलेला जुना कपडा. दोन, एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे परदेशी ऑर्डरमधून उरलेला किंवा नाकारलेला नवा माल, लेबल बहुतेक वेळा कापलेलं असतं, वाईट नसतो पण जुना नाही. तीन, जुन्या साड्यांपासून नव्याने शिवलेले रॅप स्कर्ट, किमोनो वगैरे, यात कापड जुनं, कपडा नवा. आणि चार, नवाच कपडा मुद्दाम जुना दिसेल असा केलेला. हा चौथा प्रकार सोडून बाकी सगळे आपापल्या भावाला घ्यायला हरकत नाही. भाव मात्र पहिल्याचा सांगतात आणि हातात तिसरा देतात, तिथे जपायचं.

पायरी २: तारीख आधी, जागा नंतर

सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. नाताळ ते पहिली जानेवारी हा काळ खरेदीसाठी सगळ्यात वाईट, भाव चढलेले, गर्दी प्रचंड, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी लोक येत असतात, जात नसतात. तुम्हाला हवेत ते मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिल. ऊन वाढतं, चार्टर विमानं थांबत येतात, सहा-सहा महिने भाड्याने राहिलेली माणसं खोल्या रिकाम्या करायला लागतात, विमानात सामानाला वजनाची मर्यादा असते आणि कपाट तर भरलेलं असतं. तेव्हा ज्या शर्टाला डिसेंबरमध्ये आठशे म्हणाले असते तो दीडशेला मिळतो आणि वर एखादी ओढणी तशीच हातात ठेवतात. पावसाळ्यात शॅक बंद, हणजूणचा बाजार बंद, त्यामुळे जून-जुलैमध्ये यासाठी म्हणून येऊ नका.

पायरी ३: कुठून सुरुवात करायची

मुक्काम म्हापशाला करा, किनाऱ्यापेक्षा स्वस्त पडतं. कोकण रेल्वेने आलात तर थिवीला उतरायचं, मुंबई-पुण्याच्या खाजगी बस म्हापशाला थांबतातच. स्टँडवरून हणजूण, शिवोली, हरमल (आरंबोल) सगळीकडे बस जातात, आणि जिथे बस नाही तिथे पायलट, म्हणजे इथली मोटरसायकल टॅक्सी. पाठीवर सॅक असेल तर चालते, पण गाठोडं घेऊन परत यायचं असेल तर बसच बरी.

बुधवारी हणजूण. सकाळी बाजार लागता लागता पोचा, त्यानंतर नाहीच. पहिली भवानी व्हायची असते त्यामुळे विक्रेते नीट बोलतात, आणि तुम्हालाही शांतपणे कपडा उलटापालटा करता येतो. मधल्या मोठ्या गल्ल्यांत सगळीकडे तेच ते टी-शर्ट आणि तेच ते हार आहेत, तिथे वेळ घालवू नका, सरळ कडेकडेने चालत सुटा. एखादी चादर किंवा लुंगी पसरून त्यावर दहा-पंधराच वस्तू, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या, एक बूट जोडी, एक पुस्तक, एक कोट, एक कढई, असं दिसलं की थांबा. विक्रेत्याकडे एका कपड्याचे पाच साइज असतील तर तो धंदा आहे, एकच असेल तर ते कोणाचं तरी कपाट आहे. मी सहा वर्षं याच खुणेवर चालतेय.

हरमलला संध्याकाळी सूर्य बुडायच्या सुमारास वाळूवर लोक बसलेले असतात, काही हाताने बनवलेल्या वस्तू विकतात, काही कपडे. शिवाय तिथल्या कॅफेंच्या भिंतींवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात, स्कूटर विकणे आहे, योगा मॅट विकणे आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये 'सगळं विकणे आहे'. या शेवटच्या चिठ्ठीवर लगेच फोन करा, उद्यावर ढकलू नका.

गेल्या वर्षी अशाच एका चिठ्ठीवरून मी मांद्र्याला एका फ्रेंच बाईंच्या खोलीवर गेले. साठीच्या असतील, वीसेक वर्षं दर हिवाळ्यात गोव्यात येत होत्या आणि आता गुडघ्यांमुळे येणं थांबवणार होत्या. पलंगावर कपडे नीट घडी करून ठेवलेले. त्यात एक गडद हिरवा लोकरीचा छोटा कोट होता, आत तांबूस अस्तर, मानेपाशी विणलेलं लेबल, 'मेड इन वेस्ट जर्मनी'. बाहीच्या आत एका ठिकाणी कसर लागल्याचं बारीक भोक, ते त्यांनी स्वतःच बोट लावून दाखवलं. म्हणाल्या, हा माझ्या आईचा. मी चारशे रुपये दिले आणि त्यांनी गुंड्या तुटल्या तर लावायला म्हणून दोन जास्तीच्या गुंड्या एका काडेपेटीत घालून दिल्या. ती काडेपेटी अजून माझ्याकडे आहे. असा कपडा तुम्हाला कुठल्याही दुकानाच्या रॅकवर मिळणार नाही आणि मिळाला तरी त्या भावात तर नाहीच.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. तो स्थानिकांचा बाजार आहे, मोयऱ्याची केळी, चोरीस म्हणजे गोव्याची डुकराच्या मांसाची सॉसेजं, मिरच्या, मातीची भांडी, आणि कपड्यांच्या गल्ल्या वेगळ्या. ढिगात बहुतेक स्वस्त नवा माल आणि सरप्लस असतो, जुनं क्वचित. पण म्हापशाला जायचं दुसरं कारण आहे, शिंपी. ते पुढे सांगते. हडफड्याचा शनिवार रात्रीचा बाजार देखणा आहे, संगीत, खाणं, सगळं छान, पण भाव चढे, आणि निघण्याआधी त्या शनिवारी तो भरतोय का हे कोणाला तरी विचारून घ्या. आसगावच्या बुटिकांत फार सुंदर जुने कपडे निवडून ठेवलेले असतात, तिथे डोळा तयार करायला जरूर जा, हात लावून बघा, शिवण बघा, पण या लेखातल्या बजेटमध्ये ते बसत नाही.

पायरी ४: पिशवीत काय न्यायचं

शिंप्याची टेप, मोबाइलचा टॉर्च, छोटा आरसा, दोन-तीन सेफ्टी पिना, कापडी पिशवी, आणि सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं पण परदेशी माणूस घर आवरत असेल तर त्याला रोखच हवी असते. अंगात घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग घालून जा म्हणजे वरूनच घालून बघता येतं, ट्रायल रूम हा प्रकार नाही. आपला एक नीट बसणारा शर्ट आणि एक पँट घरी सपाट पसरून मापं मोबाइलवर लिहून ठेवा, काखेपासून काखेपर्यंत, खांदा, कंबर, उंची. लेबलवरच्या साइजवर अजिबात विश्वास ठेवू नका, जुना ३८ आणि आजचा ३८ यांत मोठा फरक असतो आणि देशागणिक आकडे वेगळे.

पायरी ५: कपडा तपासणं

इथे घाई केली की पैसे गेले. माझे गेलेत. पहिल्याच वर्षी एका स्टॉलवर प्युअर सिल्क म्हणून बाराशेला एक लांब झगा घेतला, घरी आणून आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळला तर तो वितळून त्याचा कडक काळा मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. रेशीम किंवा लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, कॉटन आणि व्हिस्कोस दोन्ही कागदासारखे जळतात. ही परीक्षा विकत घेतल्यावर घरीच करायची असते, म्हणून बाजारात रेशमाचा भाव द्यायचाच नाही जोपर्यंत तुम्हाला हाताला खात्री नाही. तेव्हापासून शंका असेल तर मी पॉलिस्टर समजूनच भाव बोलते.

कपडा उजेडासमोर धरा. विरलेली जागा, कसरीची भोकं लगेच दिसतात. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर आधी फाटतं, तिथे हलकेच ताणून बघा, करकर आवाज आला किंवा धागे सुटायला लागले तर ठेवून द्या, ते कोणी वाचवू शकत नाही. काखेतला कापडाचा भाग बघा, पिवळा आणि कडक झाला असेल तर डाग सहसा जात नाही. इलॅस्टिक ताणा, आतून कुरकुरलं तर ते मेलेलं आहे, पण इलॅस्टिक बदलता येतं, त्यामुळे तेवढ्यासाठी कपडा सोडू नका, भाव कमी करा.

गोव्याची हवा दमट, त्यामुळे बुरशी हा इथला मोठा शत्रू. पांढरी भुकटी असेल तर ऊन आणि ब्रशने जाते, काळे ठिपके कापडात मुरलेले असतील तर जात नाहीत. नाकाला लावून वास घ्या, लाजू नका. नकली चामड्याचं जॅकेट असेल तर कॉलरच्या मागे नखाने हलकेच घासा, पापुद्रा सुटला किंवा चिकट लागलं तर दोन महिन्यांत सगळं सोलणार. बुटांचे तळवे वाकवून बघा, वर्षानुवर्षं पडून राहिलेले फोमसारखे तळवे चालता चालता भुगा होतात.

आता ती मुद्दाम जुनी केलेली वस्तू कशी ओळखायची. शिवणीच्या आत बघा. खरा जुना कपडा बाहेरून फिकट झालेला असतो, घडीवर, खांद्यावर, कोपरावर जास्त, आणि शिवणीच्या आत दुमडलेल्या भागात मूळ रंग तसाच गडद असतो, तो रंग बघायला मला अजूनही फार आवडतं, चाळीस वर्षांपूर्वी तो कपडा कसा दिसत असेल ते तिथे कळतं. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला असेल तर आत-बाहेर सगळीकडे सारखाच तपकिरी. आभल्यांच्या कच्छी भरतकामाला आणि कांथा गोधड्यांना हीच परीक्षा लावा. लमाणी बायकांकडे जुन्या भरतकामाचे तुकडे जोडून शिवलेल्या पिशव्या आणि जॅकेटं असतात, त्यात एखादा तुकडा खरोखर जुना निघतो, पालथा करून मागचे टाके बघा. हाताचे टाके थोडे कमी-जास्त असतात, मशीनचे एकसारखे.

पायरी ६: लेबल वाचायला शिका

लेबलावर 'वेस्ट जर्मनी' असेल तर कपडा १९९० किंवा त्याआधीचा, 'यूएसएसआर' असेल तर १९९१ किंवा त्याआधीचा, हे देश त्यानंतर त्या नावाने राहिलेच नाहीत. लोकरीच्या कपड्यावर गुंडाळीसारखं वुलमार्कचं चिन्ह असेल तर १९६४ नंतरचा. लिव्हाइसच्या लाल पट्टीवर नाव मोठ्या ई ने, म्हणजे LEVI'S असं, लिहिलेलं असेल तर तो १९७१ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, पण त्याच्या नव्या नकलाही कंपनी स्वतःच काढते, म्हणून फक्त त्यावर जाऊ नका. आणि वेबसाइटचा पत्ता छापलेला असेल तर विक्रेता काहीही म्हणो, कपडा सत्तरच्या दशकातला नाही.

आपल्याकडच्या कपड्यांसाठी माझ्या आवडीच्या दोन खुणा. शिंप्याच्या किंवा दुकानाच्या लेबलावर सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला, त्याआधी 'बॉम्बे २' असं लिहायचे. आणि मुंबईच्या गिरण्यांचा शिक्का. जुन्या वॉईलच्या साडीच्या काठाला किंवा शर्टाच्या कापडाच्या कडेला गिरणीचं नाव छापलेलं असतं. १९८२ च्या संपानंतर त्यातल्या कितीतरी गिरण्या पुन्हा नीट उभ्याच राहिल्या नाहीत, त्यामुळे असा काठ दिसला की माझा हात तिथेच थांबतो. ज्यांच्या घरात कोणी गिरणीत होतं त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

पायरी ७: भाव करणं

स्टॉलवर सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्या खाली सुरू करा आणि निम्म्याच्या आसपास थांबा. कोंकणीत दोन शब्द बोललात तर म्हापशात फरक पडतो, 'कितले?' (किती?), 'म्हारग जालें' (महाग झालं), 'इल्लें उणें करात' (थोडं कमी करा), आणि घेतल्यावर 'देव बरें करूं', म्हणजे धन्यवाद. मराठी बहुतेकांना समजतंच. एक-एक वस्तूचा भाव करू नका, चार वस्तू एकत्र ठेवून सगळ्यांचा एकच आकडा विचारा. दोष दाखवायचा तो नीट दाखवायचा, ही झिप बदलायला मला शंभर लागतील, असं. माल वाईट आहे म्हणून नाक मुरडलं तर कोणीच भाव कमी करत नाही.

पण घर आवरणाऱ्या माणसाकडे घासाघीस करू नका. तो आधीच स्वस्त देत असतो, परवडत नसेल तर स्पष्ट सांगा आणि सोडा. आणि एक कळकळीची विनंती, गोव्यातल्या जुन्या घरांतून आजीच्या पेटीतल्या वस्तू मागत फिरू नका. लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी किंवा पानो भाजू, म्हणजे गोव्यातल्या ख्रिश्चन बायकांचा जुना पारंपरिक पोशाख, त्या घरच्यांसाठी आठवण असते, त्यांना तिची बाजारातली किंमत माहीत नसेल तर त्याचा फायदा घेणं बरोबर नाही. कोणी आपणहून विकत असेल तर योग्य भाव द्या. कुणबी साडी हवी असेल तर गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्या प्रयत्नांनंतर ती पुन्हा विणली जाते, नवी घ्या.

आपल्याकडे बोहारीण दारात यायची, चार जुन्या साड्यांवर एक स्टीलचं पातेलं द्यायची, आणि आई एकेक साडी हातात घेऊन ही नाही, ही नाही करत बसायची ते आठवतं ना, जुन्या कपड्याचा भाव करताना समोरच्याचं तसंच होत असतं. थोडा वेळ द्या.

पायरी ८: घरी आणल्यावर

सरळ कपाटात ठेवायचं नाही, कधीच नाही. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर ठेवा. लोकरीचं असेल तर पिशवी घट्ट बंद करून आठ-दहा दिवस फ्रीझरमध्ये, कसर आणि ढेकूण दोन्हींचा बंदोबस्त होतो. फ्रीझर पूर्ण थंड हवा, बर्फाच्या कप्प्याचा उपयोग नाही. सुती कपडे कोमट पाण्यात, रेशीम आणि लोकर थंड पाण्यात रिठ्याने, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. रंग जाईल अशी शंका असेल तर आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल आधी दाबून बघा. कुबट वास असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर. सावलीत वाळवा, कडक ऊन जुन्या रंगाला सोसत नाही.

मग शिंपी. म्हापशात आल्टरचं काम छान आणि माझ्या अनुभवात पुण्यापेक्षा स्वस्त होतं, बाही कमी करणं, कंबर घेणं, झिप बदलणं. लोकरीचं सोडून बाकी काही बुधवारी घेतलंत तर धुऊन शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी द्या आणि सोमवारी घेऊन जा. खांदे मात्र बदलायला जाऊ नका, खर्चही होतो आणि कपड्याची ठेवणही बिघडते, म्हणून निवडतानाच खांदा बसतोय ना एवढं नक्की बघायचं, बाकी सगळं जमवता येतं. रफू चांगला हवा असेल तर घाई करू नका, कामाला वेळ लागतो आणि लागू द्यावा.

त्या हिरव्या कोटाच्या बाहीतलं भोक मी आतल्या शिवणीतूनच चार धागे काढून भरून घेतलं, त्यामुळे रंग तंतोतंत जुळला. तुमच्याकडेही लोकरीचं काही आलं तर रफूसाठी बाहेरून धागा शोधण्याआधी शिवणीत आणि दुमडीत बघा, तिथे तो असतो.